पाइपातली टेकडी

"सेकंदाला किती चित्रं म्हणालात?" गजभिये साहेबांनी विचारलं.

"शंभर."

"आणि त्यातलं एक तरी धड दिसतं का?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून पिंपळापुरे मॅडम हसल्या. "हेच मी हिला दोन वर्षं विचारतेय."

एप्रिलचा महिना, चंद्रपूरकडची कोळशाची खाण, दुपारच्या जेवणाची वेळ. पत्र्याच्या केबिनमध्ये कूलर नुसताच घरघरत होता. टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवले होते. डावा मॅडमचा, उजवा माझा. दोन्हींवर एकाच पाइपाचा आडवा काप दिसत होता, भाकरीएवढा गोल. डावीकडे तळाशी पिवळी वाळू आणि वर निळं पाणी, मधली रेघ इतकी स्वच्छ की कंपासपेटी घेऊन काढल्यासारखी. उजवीकडे तेच, पण तुपाच्या हातांनी पुसलेल्या काचेतून बघावं तसं. शिवाय माझं चित्र एक क्षण स्वस्थ बसत नव्हतं. सारखं थरथरत होतं.

"मला आपलं डावीकडचं बरं वाटतं," गजभिये म्हणाले. ते खाणीचे मॅनेजर. स्पष्ट बोलायचे आणि बोललेलं विसरायचे नाहीत.

"दिसायला ते बरंच आहे, साहेब," मी म्हणाले. "माझं फक्त आत्ताचं आहे."

ते साल नव्व्याण्णव. मी रेवती धोटे, नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होते, आणि स्वतःच्या म्हणण्याबद्दल मला तेव्हाही फारशी शंका नसे.

आम्ही तिथे कशाला होतो ते आधी सांगायला हवं. जमिनीखालचा कोळसा काढून घेतला की मागे पोकळी राहते. ती तशीच सोडली तर कधीतरी वरची जमीन खचते. या खाणीच्या ज्या भागाचं काम चालू होतं त्याच्या बरोबर वर एक रस्ता आणि एका वस्तीची घरं होती. म्हणून पोकळी वाळूने भरायची. वर बंकरमध्ये, म्हणजे मोठ्या हौदात, नदीची वाळू आणि पाणी एकत्र करायचं आणि पाइपातून खाली सोडायचं. पंप लागत नाही, उतारच सगळं काम करतो. पाइप सरळ खाली उतरतो, तळाला वळतो, लांबलचक बोगद्यातून जातो, दुसऱ्या वळणावर पुन्हा वळतो आणि पोकळीत वाळू ओततो. पाणी निथळून जातं, वाळू राहते.

अडचण एकच होती. कधीकधी पाइप तुंबायचा, आणि तुंबला की त्याच्या मागे शंभर मीटर उंचीच्या पाण्याचं वजन उभं राहायचं. त्या हिवाळ्यात असाच दुसऱ्या वळणावरचा सांधा उडाला होता आणि एका कामगाराचा पाय गुडघ्यापासून गेला होता. त्यानंतर गजभियांनी पाइपावर दाबाचे गजर बसवून घेतले. ते वेळीअवेळी उगाचच वाजत. दर वेळी वाळू बंद करा, नुसतं पाणी सोडून पाइप धुऊन काढा, अर्धी पाळी वाया. शेवटी कोणीतरी त्यांना आमच्या कॉलेजचं नाव सांगितलं, आणि आमची तपासणी सुरू झाल्यावर ते गजर बंद ठेवले गेले.

आमची युक्ती सोपी होती. पाइपाला एका जागी भोवतीने सोळा स्टीलचे खिळे बसवायचे, आतल्या पाण्याला टेकतील असे. दोन खिळ्यांमधून अगदी बारीक वीज सोडायची आणि बाकीच्यांवर ती किती पोचते ते मोजायचं. मग पुढचे दोन खिळे, मग त्यापुढचे. पाण्यातून वीज जाते, वाळूतून जात नाही. वीज कुठून सरळ गेली आणि कुठे तिला वळसा पडला यावरून वाळू कुठे आहे ते गणिताने काढता येतं. पाइप न उघडता त्याच्या पोटात बघायचं.

गणित जड होतं, आणि तिथेच मॅडमचं आणि माझं वाजायचं. मॅडम मोजमापांच्या पुष्कळ फेऱ्या घेत, त्यांची सरासरी काढत आणि चित्र मोजमापांशी तंतोतंत जुळेपर्यंत कॉम्प्युटरला पुन्हा पुन्हा घासायला लावत. एका चित्राला जवळजवळ दोन मिनिटं. पण ते चित्र परदेशातल्या परिषदांमध्ये लोक उभं राहून बघत. मी उलट केलं. घासाघीस आधीच उरकून तिचा एक तक्ता करून ठेवला. एकेक खिळा वाचण्याऐवजी सगळे एकदम वाचणारं कार्ड स्वतः सोल्डर करून बनवलं. मोजमाप आलं की तक्त्याशी गुणायचं, की चित्र तयार. धूसर, पण त्याच क्षणाचं.

"धूसर चित्रावर कोणी विश्वास ठेवत नाही, रेवती," मॅडम म्हणायच्या.

"वाहत्या गोष्टीचा जुना फोटो काय कामाचा, मॅडम?" मी म्हणायची.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. खाणीत दोन्ही लावू, शेजारी शेजारी. मोठ्या मनाची बाई. दुसऱ्या कोणी मला तिथवर आणलंच नसतं.

सोळा खिळ्यांचं हे कडं पहिल्या वळणाच्या थोडं पुढे बसवलेलं होतं. ते मी स्वतः बसवलं नव्हतं, कारण तेव्हा कायद्याने बायकांना भूमिगत खाणीत काम करायला मनाई होती. बसवलं होतं आत्रामांनी. लचमा आत्राम, वाळू भरणाऱ्या टोळीचे मुकादम, पन्नाशीच्या पुढचे. मी वरून फोनवर सांगत गेले, ते खाली भोकं पाडत गेले. चार दिवस आम्ही एकमेकांचे नुसते आवाज ऐकले. त्या चार दिवसांत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "मॅडम, हे खिये ठोकून पाइप गळनार तं नाई ना?" पाइप गळला नाही. एकही खिळा वाकडा बसला नव्हता.

तर त्या दिवशी सकाळपासून मी काहीतरी नवीन बघत होते. वाळू पाइपात सपाट वाहत नव्हती. माझ्या चित्रात तळाची वाळू वर चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. नदीच्या तळाला वाळूच्या बुटक्या टेकड्या असतात आणि त्या हळूहळू पुढे सरकतात, तशा या पाइपातून टेकड्या चालल्या होत्या. एक गेली की थोड्या वेळाने दुसरी. मॅडमच्या चित्रात त्यांचा मागमूस नव्हता, कारण दोन मिनिटांच्या सरासरीत टेकडी आणि दरी एकमेकींना खाऊन टाकत. तिथे सकाळपासून एकच स्वच्छ रेघ होती, पाव पाइप वाळू.

मी मॅडमना दाखवलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं होतं. "असेल," त्या म्हणाल्या. "किंवा तुझ्या कार्डाचा गोंगाट असेल. लांब तारा आहेत."

साडेबाराच्या सुमाराला गजभियांनी बंकरवर निरोप धाडला, काम मागे पडलंय, वाळू वाढवा. मग ते केबिनमध्ये येऊन बसले आणि माझ्या चित्रांची चौकशी सुरू झाली.

मी उत्तरं देत होते, पण नजर पडद्यावर होती. वाढवलेली वाळू खाली पोचल्यावर टेकड्यांची चाल बदलली. आधी त्या एका तालात यायच्या. आता दोन टेकड्यांमधलं अंतर वाढलं. प्रत्येक नवी टेकडी आधीच्या टेकडीपेक्षा उंच येत होती आणि जायला जास्त वेळ घेत होती. मग एक अशी आली की अर्धा पाइप पिवळा झाला. ती पुरती जाते न जाते तोच मागून दुसरी, तिच्याहून मोठी. वरती पाण्याची फक्त एक कोर उरली, द्वितीयेच्या चंद्राएवढी.

"साहेब," मी म्हणाले, "दुसऱ्या वळणावर आत्ता कोण आहे?"

"आत्राम आणि दोघं. जेवत असतील. फोन तिथंच आहे ना, तिथंच बसतात. का?"

"वाळूचा मोठा ढिगारा कड्यातून पुढे गेलाय. तो त्या वळणाकडे चाललाय. मागून अजून येतोय. पाइप तिथे तुंबेल."

गजभियांनी डावा पडदा पाहिला. पाव पाइप वाळू, वर निळं पाणी. मग उजवा पाहिला. तिथे पिवळं धुकं वरखाली होत होतं.

"मॅडम?" त्यांनी पिंपळापुरे मॅडमना विचारलं.

मॅडम पुढे वाकल्या. "माझ्याकडे काही दिसत नाही. रेवती, जरा थांब. माझं पुढचं चित्र येऊ दे. हा गोंगाट असू शकतो."

"गोंगाट खालून वर भरत येत नाही, मॅडम. तो सगळीकडे सारखा उडतो."

गजभियांचा हात फोनजवळ होता, पण फोनवर नव्हता. मला त्यांचं मन वाचता येत होतं. या महिन्यात खोट्या गजरांपायी किती पाळ्या गेल्या होत्या. आता कॉलेजातली एक मुलगी धुक्याकडे बोट दाखवून अजून एक पाळी मागत होती.

मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर हरले असते.

"वाळू बंद करायची की नाही ते तुम्ही ठरवा, साहेब. माझ्या चित्रावर विश्वास ठेवू नका हवं तर. पण माणसं हलवायला वाळू थांबवावी लागत नाही. त्यांना वळणापासून लांब जाऊन जेवायला सांगा. मी चुकले तर त्यांना डबे उचलून थोडं चालावं लागेल, इतकंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलून हँडल फिरवलं.

"आत्राम? उठा तिथून. तिघंही उठा. मागच्या बोगद्यात, गॅलरीत जा."

फोनमधून आत्रामांचा आवाज मलाही ऐकू आला. "काऊन जी? पाइप तं मस्त वाजून रायला. आत्ताच कान लावून पायला मी."

"वाजू द्या. तुम्ही उठा."

"जेवून रायलो साहेब आमी..."

"आत्राम, उठा म्हणतो ना!"

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

आता खाली फोनजवळ कोणीच नव्हतं. आम्हाला काही कळायला मार्ग उरला नाही, माझा पडदा सोडून. वरची पाण्याची कोर बारीक होत गेली, तुटली, पुन्हा जुळली आणि मग मिटली. सबंध गोल पिवळा झाला. सकाळपासून सारखं थरथरणारं माझं चित्र एकदम थांबलं. सेकंदाला शंभर चित्रं येत होती आणि शंभरही एकसारखी होती.

"तुंबला," मी म्हणाले.

त्याच क्षणी बाहेर बंकरवरचा माणूस ओरडला, "साहेब, पानी उलटून रायलं!"

गजभिये धावत बाहेर गेले. दारातून मला दिसत होतं. मिश्रणाच्या मोठ्या फनेलमध्ये पाणी काठापर्यंत चढलं होतं आणि बाहेर सांडत होतं. "वाळू बंद! वाळू बंद करा!" ते ओरडत होते. दोघांनी मिळून झडप ओढली.

केबिनमध्ये मॅडम आणि मी दोघीच होतो. आणि नेमकं तेव्हा डावा पडदा बदलला. मॅडमचं पुढचं चित्र आलं. नितळ, सुरेख, वर निळं पाणी आणि खाली पाव पाइप वाळू.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या पिवळ्या गोलाकडे.

"हे मघाचं आहे," त्या हळूच म्हणाल्या.

मी काही बोलण्यापूर्वीच माझ्या पडद्यावरचा पिवळा गोल फाटला. पाणी घुसलं, वाळू उसळली, सगळं चित्र वेड्यासारखं ढवळून निघालं. बाहेर फनेलमधलं काठोकाठचं पाणी घुर्र करत एका दमात खाली ओढलं गेलं. त्याचा अर्थ तिथे प्रत्येकाला कळत होता. खाली कुठेतरी पाइप उघडला होता.

गजभिये आत आले. घाम पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांनी वळणावरच्या फोनचं हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. घंटा वाजते आहे की नाही तेही समजेना. मग खाणीच्या तोंडावरच्या ऑफिसला फोन लावून माणसं आत पाठवायला सांगितलं. ते झाल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. ते उभेच राहिले. मी बसूनच होते. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथून काढला नाही.

मला भीती वाटली का? वाटली. पण चित्राची नाही. चित्र खरं होतं हे मला ठाऊक होतं. भीती होती ती त्या डब्यांची. उठा म्हटल्यावर माणूस आधी शेवटचा घास तोंडात टाकतो. डब्याचं झाकण लावतो. पाणी पितो. एवढ्यात किती वेळ जातो, ते मला माझ्या तक्त्यातून काढता येत नव्हतं.

फोन वाजला तेव्हा गजभियांनी तो पहिल्याच घंटेला उचलला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती पाठ सैल झाली आणि मला कळलं.

"तिघंही?" त्यांनी विचारलं. "तिघंही ना? हं. हं. या वर."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मग म्हणाले, "वाळू वाढवायला मीच सांगितलं होतं. ते रिपोर्टात पहिल्या ओळीत येईल." आणि आलंही. मी तो रिपोर्ट वाचलाय.

मॅडमनी आपल्या पडद्यावर मधल्या वेळात उतरून गेलेलं एक चित्र पुन्हा काढलं. तुंबलेला पाइप, काठोकाठ वाळू, आणि वाळूच्या थरात अगदी वरती डावीकडे पाण्याची एक बारीक पोकळी. अचूक होतं. माझ्या धुक्यात ती पोकळी मला दिसलीच नव्हती.

"रेवती," मॅडम म्हणाल्या, "माझं चित्र खोटं नव्हतं गं."

"नव्हतंच, मॅडम."

"पोचलं उशिरा." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग शिकवायच्या आवाजात म्हणाल्या, "आजपासून तुझं पुढे, माझं मागे. पण तुझा तो तक्ता फार ढोबळ आहे. माझ्याकडे दहा वर्षांची मोजमापं पडलीत. उद्या कॉलेजात ये, तुझी काच जरा पुसून देते."

त्यांनी ती दिलीही. पुढच्या वर्षभरात माझ्या चित्राचा वेग तसाच राहिला आणि धुकं निम्म्याने उतरलं. त्यावर जो निबंध निघाला, त्यावर माझं नाव आधी घालायचा हट्ट त्यांनी धरला, आणि मी फार आढेवेढे घेतले नाहीत. आज अशी कडी दुधाच्या पाइपांवर बसतात, रसायनांच्या पाइपांवर बसतात, चित्रं सेकंदाला हजारांनी येतात. मुलं मला विचारतात, एवढा वेग हवाच कशाला? मी त्यांना ही हकीकत सांगते. पण सांगताना मी आत्रामांशी झालेलं बोलणं सहसा गाळते. ते इथे सांगते.

ते वर आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मी खाणीच्या तोंडाशी उभी होते. चार दिवस आवाज ऐकलेला माणूस मी पहिल्यांदा नीट बघत होते. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, डोक्यापासून पायापर्यंत ओल्या वाळूने माखलेले. गॅलरीत बरेच मागे असूनही लोंढा त्यांच्यापर्यंत पोचला होता. बरोबरचे दोघं नळाकडे गेले. आत्राम माझ्यासमोर थांबले.

"धोटे मॅडम तुमीच?"

"हो."

"आमी बसत होतो ना, तो बाकडा कुठं गेला तेच नाई समजत," ते म्हणाले. "वाळूच वाळू. आन सांध्याचं लोखंड भिंतीत घुसून रायलं." त्यांनी हाताने दाखवलं किती. मग म्हणाले, "पाइप मात्र चांगलाच वाजत होता जी. माझा कान खोटं नाई सांगत."

"तुमचा कान बरोबरच होता. ढिगारा तुमच्यापर्यंत अजून आला नव्हता. तो मागे होता, कड्याजवळ. तिथून मला दिसला."

त्यांनी ते मनात फिरवून पाहिलं. पटलं असावं. मान हलवली.

"मॅडम, एक गोष्ट खरी सांगतो. राग मानू नका."

"सांगा ना."

"फोनवर गजभिये साहेबाचा आवाज होता म्हनून उठलो. तुमचा असता तं नसतो उठलो. जेवन सोडून कोन उठते?"

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणूनच मी त्यांना फोन करायला लावला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग वाळूने भरलेल्या मिशांखाली हसले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. त्याने वाळू आणखीच पसरली.

"आता तुमचा आला तरी उठीन जी," ते म्हणाले. "आधी उठीन, मंग विचारीन काऊन ते."

मी नुसती मान हलवली.

नळाखाली तोंड धुऊन ते परत आले. खिशातून खडू काढला आणि माझ्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले. तिथल्या सिमेंटवर त्यांनी सबंध पाइप काढला, पहिलं वळण, लांब बोगदा, दुसरं वळण. मग खडू माझ्या हातात दिला.

"दुसरं कडं कुठं बसवाचं ते दाखवा," आत्राम म्हणाले. "उद्या सकायीच ठोकतो."